घरचा इंजिनिअर

बँकेचं कर्ज मंजूर झालं होतं. घर तेवढं तपासून घ्यायचं होतं. परका इंजिनिअर नको म्हणून भूषणनं बहिणीच्या नवऱ्यालाच गावी, करडीला बोलावलं. घर विकणारे मधुकरराव पाय धुवायला तांब्या घेऊन दारातच उभे. गावचा जवाई म्हणजे त्यांचाही जवाईच. टिळा, टोपी-दुपट्टा, मटणाचं जेवण झालं. बाजेवर आडवं होत भाऊजी म्हणाले, "एकदम मजबूत आहे घर. घेऊन टाक."

"भाऊजी, स्लॅबवर चढून पाहता का?"

मधुकरराव भडकले. "जवाईबापूले छतावर चढवून राहिला का बे?"

भूषण स्वतःच चढला. स्लॅबच्या भेगेतून त्याला खाली घोरणारे भाऊजी दिसले. बहिणीला त्यांच्याच घरी नांदायचं होतं. तो दबक्या पावलांनी उतरला आणि सौदा पक्का केला.