नावाखालची ओळ

"अण्णा, सकाळपासून मीटिंगमध्ये अडकले होते हो," शाल्मली म्हणाली.

फोनच्या पडद्यावर मिरजेला राहणाऱ्या वडिलांच्या नावाखालची ओळ लगेच बदलली: 'विश्वास बसलेला नाही.'

मनगटावरच्या पट्टीवरून माणसाच्या मनात काय आहे, तो काय करतोय ते ओळखायचं आणि समोरच्याच्या फोनवर त्याच्या नावाखाली दाखवायचं, ही सोय शाल्मलीनेच तिच्या कंपनीसाठी तयार केली होती. स्वतःच्या हाताने 'कामात आहे' लिहायची जुनी सोय तिनेच भांडून काढायला लावली होती. आता तीच जुनी सोय परत आणा म्हणून ती कंपनीतल्या साहेबांच्या मागे लागली होती, पण कोणी दाद देत नव्हतं. आणि आज सकाळभर अण्णांना तिच्या नावाखाली दिसत होतं: 'मोकळी आहे, बोलायची इच्छा नाही.'

"असू दे गं, कामं असतातच," अण्णा म्हणाले. "जेवलीस का?"

"हो, मघाशीच," ती म्हणाली, आणि स्वतःवरच चिडली. "अण्णा, आता काय दिसतंय तिथे माझ्या नावाखाली?"

"कोण बघतंय? मी फोन पालथा ठेवलाय. बोल तू."

त्यांच्या नावाखाली अक्षरं उमटली: 'पडद्याकडे पाहत आहेत.'

शाल्मलीने आपला फोन टेबलावर पालथा घातला.

"नाही जेवले अजून," ती म्हणाली.