भिंतीपलीकडची फाईल

संगणक सांभाळणाऱ्या अश्विनने पुन्हा पासवर्ड टाकला. पडद्यावर पुन्हा तेच आलं: परवानगी नाही. फाईल भिंतीपलीकडे होती. अकोल्याच्या त्या कापूस सल्ला केंद्रात शास्त्रज्ञांच्या खोलीतल्या संगणकांवर लिनक्स होतं आणि संदेश पाठवणाऱ्या खोलीत नवंकोरं विंडोज. दोघांचं पटत नव्हतं. दोन्ही खोल्यांतल्या माणसांचंही पटत नव्हतं, पण त्याला काही कारण लागत नव्हतं.

त्या वर्षी गुलाबी बोंडअळी सगळीकडे शिरली होती. कपाशीचं उभं पीक, म्हणजे पऱ्हाटी, राखायची की ट्रॅक्टरने मोडायची, इथे गावंच्या गावं अडली होती. उत्तर त्या फाईलमध्ये होतं आणि ते शेतकऱ्यांच्या मोबाईलवर जायचं होतं. शास्त्रज्ञ ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या, पेनड्राइव्हवर देते. संदेश विभागाच्या खुशालराव साहेबांनी नाक मुरडलं. पेनड्राइव्हने व्हायरस येतो म्हणे. मग कागदावर छापून देते, म्हणाल्या. तर तो पुन्हा टाइप कोण करणार? आणि एवढं नेटवर्क बसवलं ते काय शोभेला? साहेबांचा मुद्दा बिनतोड होता. अळीला तेवढा तो पटला नाही.

मध्येच अश्विनचा फोन वाजला. तेल्हाऱ्याहून त्याचे वडील, मोतीराम. सकाळपासून हेच चाललं होतं.

"काम करून राहिलो बाबा, मंग बोलतो," म्हणून त्याने फोन कापला. नंतरचे उचललेच नाहीत.

पलीकडे जाऊन पाहिलं, फाईल झकास उघडली. इकडे येऊन पाहिलं, उघडेना. त्याने तिचं नाव बदललं, जागा बदलली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. वाचली मात्र नाही. वाचणं त्याचं काम नव्हतं.

संध्याकाळी एकदाचं सापडलं. लिनक्स जुन्या पद्धतीने बोलत होतं आणि नव्या विंडोजने ती पद्धत सुरक्षेसाठी बंद केली होती. लिनक्सला नवी पद्धत लावून दिली तशी फाईल निमूट उघडली. साहेबांनी स्वतःच्या हाताने बटण दाबून संदेश पाठवला, पेढे मागवले आणि फोटोही काढून घेतला. अश्विनने मोठ्या ऐटीत घरी फोन लावला.

"बाबा, आमचा संदेश आला का?"

"आला ना. निम्मी बोंडं चांगली असतीन तर पऱ्हाटी मोडू नका म्हणते. तेच विचाराले तुले सकाळपासून फोन लावून राहिलो होतो. ट्रॅक्टरवाला किती वेळ थांबन? दुपारी मोडली."