करवतीच्या रेघेवर

प्रयोगशाळेत दगड कापणाऱ्या काकांनी करवतीच्या बटणावर बोट ठेवलं आणि जीवाश्म साफ करणारी ती तरुणी मध्येच आडवी आली. "काका, थांबा. इथे काहीतरी आहे."

दगडात लिस्ट्रोसॉरस होता. डायनासोरांच्याही आधीचा, डुकराएवढा, दोन सुळ्यांचा, पाला खाऊन राहणारा. आपल्या सगळ्या सस्तन प्राण्यांचा लांबचा चुलता. त्याची कवटी नि फासळ्या तिनेच सुईने टोकरून मोकळ्या केल्या होत्या. उरलेला दगड कापायचा आणि सांगाडा प्रदर्शनाला धाडायचा, असं ठरलं होतं. कुठे कापायचं ती खडूची रेघ प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी स्वतः मारली होती. तिला दिसलेला तांबूस ठिपका नेमका त्या रेघेवर होता, तिळाएवढा.

सरांनी भिंगातून पाहिलं आणि खडा आहे असं सांगितलं. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यापासून ती अशीच झाली होती, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. कपाटाचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघायची. घरी आत्याला फोन करून बाळ झोपलं का विचारायची, आणि झोपलं म्हटलं की श्वास घेतंय ना, तेही.

"पोरी, तुला आता दगडातही बाळ दिसायला लागलं," काका म्हणाले.

ती वाकली आणि ठिपक्याला जीभ लावली. या कामातली जुनी रीत होती ती. दगड जिभेवरून घसरतो, हाड चिकटतं.

चिकटलं.

तिने सुई उचलली. कण कण उडवत ती पुढे सरकत गेली. काका करवत सोडून तिच्या खांद्यामागे येऊन उभे राहिले. आधी एक कड निघाली, मग वळण, मग नखाएवढा जबडा. मोठ्या फासळ्यांच्या अगदी कुशीत.

"सर, अजून एक आहे, पिल्लू. मोठ्याला लागूनच," ती म्हणाली.

सरांनी चष्मा काढला, आणि तो साठीचा माणूस जीभ काढून दगडावर ओणवा झाला. उठले तेव्हा ओठांना धूळ लागली होती. करवतीची वायर काढून ठेवा, असं त्यांनी काकांना सांगितलं, तेही अगदी हळू.

मग कोणी कोणाला बजावलं नव्हतं, तरी त्या खोलीत सगळेच दबक्या आवाजात बोलू लागले. बाहेर कोणीतरी दार आपटलं, तेव्हा तोंडावर बोट ठेवून काकाच आधी धावले.