लहान बॅटरी

नवऱ्याचा हिशोब सरळ होता. बायकोला इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन दिली, की किराणा, मुलांचे क्लास, त्याच्या आईची औषधं, सगळं ती परस्पर उरकणार. शिवाय रविवारी तिला माहेरी न्यायची कटकट सुटणार. तिथे तो तिला चहाचा कपही धड संपवू देत नसे. दारातूनच "आटप, निघू या" सुरू.

शोरूममधल्या विक्रेत्याने विचारलं, "ताई, फिरणं किती?"

"रोजचं सहा-सात किलोमीटर. रविवारी आईकडे, पस्तीस."

"मग मोठ्या बॅटरीची घ्या. ही लहान तिथवर जेमतेम पोचेल. परत यायचं तर आधी चार तास चार्जिंगला लावावी लागेल."

दमलेल्या डोळ्यांनी तिने दोन्ही गाड्या पाहिल्या. "लहानच द्या."

वीस हजार वाचले! बायको एवढी काटकसरी असेल असं नवऱ्याला वाटलं नव्हतं.



आता दर रविवारी दुपारी त्याचा फोन येतो, आणि झोपलेल्या लेकीच्या अंगावर पांघरूण घालत त्याची सासू हळूच सांगते, "जावईबापू, गाडी अजून चार्ज होतेय हो"; वीज सासूच्या मीटरवर चढते, रविवारचा स्वयंपाक आणि भांडी जावयाच्या नावावर.