दोन बोटं खाली

तुळशीराम गाडीवर बसला आणि त्याचे गुडघे हँडलला लागले. दोन महिने गाडी घरी ठेवून, नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनिंगवर कामाला राहून तो काल गावी आला होता. जाण्याआधी त्यानं पुढं मोठ्या मापाचा टायर टाकला होता. त्या टायरनं गाडी पुढून चांगली उचलली होती, उंच माणसाला शोभेल अशी. आता ती खाली बसली होती आणि सीटचा फोमही कोणीतरी कापला होता.

तशीच हाकत तो मलकापूरला मतीनच्या गॅरेजवर आला.

"माझ्या गाडीले कोणं हात लावला बे?"

"मीच, काका," मतीन म्हणाला. "मोठ्या टायरनं पुढून वर आली होती, हँडल जड जात होतं. शॉकअपचे पाईप वर सरकवले, गाडी दोन बोटं खाली घेतली. खड्ड्यात टायर घासू नाही म्हणून मडगार्डही उचललं."

"मी सांगतलं होतं काय?"

"तुम्ही नाही."

"मंग कोणं?"

मतीननं हात पुसले. "गाडी तुमच्या घरूनच आली होती."

"नाव सांग."

"गिऱ्हाइकाले शब्द देल्ला आहे, काका."

"करून टाक पह्यल्यासारखी. आत्ताच्या आत्ता."

"बसणाऱ्याले वर बसवल्याबिगर मी शॉकअपचे बोल्ट कसत नाही. वजनानं किती दबते, पाय टेकतात का नाही, समदं पाहूनच कसले. गाडी घाटात जायाची आहे. उद्याचा दिवस राहू द्या, परवा तुमच्या मापानं करून देतो."

घाट आणि उद्या, एवढे दोन शब्द पुरे होते. तुळशीरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे काम त्याच्या पोरीचं, पायलचं होतं.

उद्या बुलढाण्याला पोलीस भरतीचं ग्राउंड होतं. पोरगी वर्षभर पहाटे उठून शिवारात पळत होती. तुळशीरामनं तिला नाही म्हटलं नव्हतं. तो तेवढा खुळा नव्हता. "जाय ना, एस.टी.नं जाय," असं तो मोठ्या मनानं म्हणाला होता. ग्राउंडवर साडेपाचला हजर व्हायचं होतं आणि गावातून पहिली एस.टी. सातला निघायची, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि आदल्या रात्री मुक्कामाला तो तिला बाहेर पाठवणार नव्हता. रविवारी पाहुणे तिला पाहायला येणार होते. साप मरणार होता आणि काठीही तुटणार नव्हती. आता मात्र कार्टीनं बापालाच गंडवलं होतं.

"पोरीच्या जातीले गाड्या चालवाले लावता, लाज नाही वाटत?" तो ओरडला. बाजूचे दोन दुकानदार बाहेर येऊन बघू लागले.

मतीननं आवाज चढवला नाही. त्यानं पाना पुढं केला. "घ्या, तुम्हीच करा. पण दोन्ही पाईप सारखे नाही बसले तं घाटात हँडल ऐकत नाही."

जन्मात तुळशीरामनं पाना धरला नव्हता. त्यानं चार शिव्या हासडल्या आणि गुडघे बाहेर काढून, साऱ्या बाजाराला दिसेल असा, तो गावाकडे निघाला.

घरी पायल ओट्यावर बुटांच्या नाड्या ओवत होती. त्याची बायको अन्नपूर्णा चुलीपुढं भाकरी थापत होती. बावीस वर्षं ती गाडीवर त्याच्या मागं एका अंगानं बसत आली होती. घाट लागला की डोळे मिटायची आणि "हळू चालवा ना" म्हणायची. तुळशीराम हे दहा जणांत सांगून हसायचा.

"तू नेली गाडी मलकापूरले?" त्यानं पोरीला विचारलं.

पायलनं आईकडे पाहिलं. मग बापाकडे पाहून म्हणाली, "हाव. मीच नेली."

"मले न विचारता?"

"विचारलं असतं तं देल्ली असती काय?"

एवढं उलट बोलणं त्यानं आजवर ऐकून घेतलं नव्हतं. आवाज ऐकून शेजारचा शालिग्राम आपल्या दारात आला. त्याला पाहून तुळशीरामला आणखी चेव आला. त्यानं खिशातली चावी काढून अंगणात फेकली.

"एवढी शिकली असशीन तं चालवून दाखव. या दारातून त्या पारापर्यंत. नेली तं उद्या मी अडवणार नाही. नाही नेली तं रविवारी गुमान पाटावर बसजो. शालिग्राम, तू साक्षीले राह्य."

पायलनं चावी उचलली. गाडीवर बसली, किक मारली. गाडी गिअरमध्ये होती. गाडीनं जोरात हिसका दिला आणि ती बंद पडली. पायलनं पुन्हा किक मारली, पुन्हा तेच. क्लच कुठला हे तिला माहीत नसल्याचं शालिग्रामलाही दिसलं. पायलच्या डोळ्यांत पाणी आलं.

तुळशीराम हसू लागला, आणि हसता हसता थांबला.

"मंग गाडी नेली कोणं?"

अन्नपूर्णानं तवा उतरवला, पिठाचे हात धुतले, पदर खोचला आणि पायलच्या हातातून चावी घेतली. "बूट घाल अन् मागं बस. आजचा मुक्काम बुलढाण्यात मावशीकडे," ती म्हणाली. गाडीवर बसल्यावर तिचे दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकले. दोन महिन्यांची सवय असल्यासारखी एका किकमध्ये गाडी सुरू झाली. पारापाशी ती वळून माघारी येईल म्हणून तुळशीराम दारातच उभा राहिला, पण गाडी पार ओलांडून बुलढाण्याच्या रस्त्याला लागली.