तोंडात घालायचा आरसा

नागपुरात अहिल्याचा दातांचा दवाखाना जोरात चालायचा. इथे अमेरिकेत, अल्फारेटात तिच्या डिग्रीला कुणी हिंग लावून विचारेना. सहा वर्षं हात नुसते शिवशिवत होते. शेवटी ती एका जुन्या घरातल्या छोट्या म्युझियममध्ये व्हॉलंटिअर झाली. दीडशे वर्षांपूर्वी त्या घरात एक दंतवैद्य राहायचा. सकाळी दात भरायचा, दुपारी नव्या बंदुका घडवायचा.

लोक बंदुका बघून निघून जात. अहिल्या त्याच्या पेशंटच्या खुर्चीपाशी रेंगाळायची. तिथला दात तपासायचा आरसा रोज दुपारी धुरकटायचा, कुणी श्वास सोडल्यासारखा.

"एसीमुळे होत असेल गं," नवरा म्हणाला.

आज मात्र तिला राहवलं नाही. पेशंटच्या श्वासाने धुरकटू नये म्हणून आरसा आधी कोमट करायचा, ही जुनी सवय. तिने तो तळहातावर घासला आणि रिकाम्या खुर्चीवर वाकली. "आ करा."

आरसा स्वच्छ राहिला. त्यात दातांची रांग दिसली आणि शेवटच्या दाढेमागे रुतलेली शिशाची गोळी.

"घाबरू नका, काढते मी," ती मायेने म्हणाली.

तिच्या मनगटाभोवती गार बोटं आवळली गेली, कळ आलेला पेशंट धरतो तशी.