सुनेनं न घेतलेलं नाव

"पडून झालं की दुखण्यानं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

नारीन शहरातल्या इस्पितळातून आलेल्या या चोल्पोनबाई गावोगाव हेच विचारत हिंडत होत्या. मणक्यामुळे कुणाकुणाचे पाय गेले, त्यातले पडझडीनं किती, आजारानं किती.

भिंतीला टेकून बसलेल्या उल्जाननं पांघरुणाखालच्या पायांकडे पाहिलं, मग सासूकडे. "घोडीवरून पडले."

बुर्माकानचा जीव भांड्यात पडला. तिनं चहा ओतायला घेतला. सुनेनं पढवलेलं बरोबर म्हटलं होतं, आणि तसं ते खोटंही नव्हतं. वसंतात कुरणावर घोडी बुजली, उल्जान गवतात आपटली, उठली, हसली आणि दूध काढायला गेली. पाठ मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून दुखत होती.

पण घोडीवरून पडण्यात लाज नव्हती. दुसरं कारण बाहेर पडलं असतं तर समोर ऐसपैस बसलेल्या सोनुन विहीणबाईंनी धाकट्या लेकीच्या, अक्मारलच्या कानात सोयरीक ठरवताना घातलेली कर्णफुलं त्याच दिवशी उतरवून नेली असती. क्षयाच्या घरातली मुलगी कोण करतो? बुर्माकानला स्वतःला क्षय झाला, तेव्हा ती राजधानीत बहिणीकडे राहून गुपचूप बरी होऊन आली होती. त्याआधीचा अख्खा हिवाळा उल्जान तिच्या उशाशी बसून तिची छाती शेकत होती.

"हे बघ पोरी," चोल्पोनबाई म्हणाल्या, "पडून गेलेल्या पायांना आता मी काही करू शकत नाही. पण क्षयानं मणका पोखरला असेल तर औषध आहे, शस्त्रक्रिया आहे. पाय परतही येतील. गाडीत झोपवून न्यायला एकाचीच जागा आहे, म्हणून विचारते. घरात कुणाला क्षय होता?"

"क्षय? या घरात?" विहीणबाईंचा चहाचा वाडगा ओठाशीच थांबला.

चोल्पोनबाई उल्जानकडेच बघत होत्या.

"कुणाला होता? नाव सांग."

"मला नाही घेता येत ते नाव," उल्जान बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

झालं! सून सासू-सासऱ्यांचं नाव घेत नाही, हे तिथं कुणाला सांगायला नको होतं. बुर्माकाननं किटली खाली ठेवली.

"अगं बाई, म्हणजे सासरा!" विहीणबाईंनीच निकाल लावला. "गेला बिचारा. इतकी वर्षं झाली, आता त्याचं काय!"

बुर्माकाननं मान खाली घातली. नवरा हिमकड्याखाली सापडून गेला होता, धडधाकट. त्याला आता काय त्रास होणार होता?

"हो," उल्जान हळूच म्हणाली. "त्यांनाच होता."

"कधी वारले?"

"ही लग्न होऊन यायच्या कितीतरी आधी," विहीणबाई म्हणाल्या. "हिनं तर त्यांना पाहिलंसुद्धा नाही."

"मग त्यांच्याकडून हिला कसा होईल?" चोल्पोनबाईंनी सुस्कारा टाकला आणि पिशवी आवरायला घेतली. "पडूनच म्हणायचं. काळजी घे, पोरी."

त्या उंबऱ्यापर्यंत पोचल्या. उल्जान सासूकडे बघत नव्हती, आणि तेच बुर्माकानला सोसेना. शरमेनं तिचे कान तापले.

"थांब गं बाई!" ती ओरडलीच. "सासरा नव्हे. मला होता. माझं नाव बुर्माकान. हिनं माझी छाती शेकली, तेव्हा लागलाय हिला. मला ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं!"

विहीणबाईंनी वाडगा खाली ठेवला. दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवून जेवण संपल्याची दुवा पुटपुटली आणि त्या उठल्या. दारापाशी उभ्या असलेल्या अक्मारलकडे त्यांनी पाहिलंही नाही.

चोल्पोनबाई गाडीवाल्याला हाक मारायला धावल्या. खोलीत दोघीच उरल्या. आता पोरगी तोंडावर थुंकेल, शिव्या घालेल, असं बुर्माकानला वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

उल्जाननं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. घरात नवरी म्हणून आली त्या दिवशी सासूला मान द्यायला वाकली होती, तशी ती त्या मेलेल्या कमरेतून जमेल तेवढी वाकली.

"नको गं," बुर्माकान म्हणाली. "माझ्यापुढे वाकू नकोस."